चौकड्याच्या शर्टातला पाहुणा

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा स्टीलचा डबा धुऊन, पुसून ओट्यावर पालथा घातला होता. नीलिमाने, म्हणजे माझ्या बायकोने, फोन उचलला आणि ती खाली बसली. पलीकडे तिची मोठी बहीण होती. अरविंदराव गेले. अंबरनाथच्या शिवमंदिराकडे रोजच्यासारखी चक्कर मारून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच... इतक्या शांतपणे, की ताईंना आधी वाटलं यांचा डोळा लागलाय. आदल्याच संध्याकाळी ते आणि मी फोनवर एवढे हसलो होतो की शेजारच्यांनी चौकशी केली होती. रविवारी आम्हा दोघांना एका मोहिमेवर जायचं होतं. ओट्यावरचा तो डबा बरोबर न्यायचा होता. मी शर्ट घालता घालता त्या डब्याकडे पाहिलं आणि मला अरविंदरावांचा चक्क राग आला. चाळीस वर्षांचं कोडं सुटायला आलं असताना असं कुणी उठून जातं का?

अरविंदराव माझे साडू. दोघी बहिणींचे आम्ही दोघे नवरे. साडू-साडूंचं नातं बहुधा जपून बोलण्याचं असतं, कारण इथे बोललेलं तिथे पोचायला वेळ लागत नाही. आमचं मात्र पहिल्यापासून जमलं. ते अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर होते. आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, जागा ठरल्याशिवाय ठेवायचा नाही आणि नाव नसलेली वस्तू तर नजरेसमोरही नको, हा त्यांचा बाणा. तो घरीही चालायचा. ताईंच्या स्वयंपाकघरात हळदीचा डबा मिठाच्या जागी गेला की हे बाहेरच्या खोलीतून ओळखायचे. ताई म्हणायच्या, "मी लग्न होऊन नाही आले, मी यांच्याकडे जमा झाले."

निवृत्तीनंतर लेकीने त्यांना कॅमेरा दिला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, आता मंदिराच्या कोरीवकामाचे फोटो काढतील, पक्षी बघतील, ताईंचे डबे सुटतील. झालं भलतंच. माझ्या नातवाच्या बारशाचे सगळे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते आणि तो मोबाइल मी बादलीत पाडला. मी दोन दिवस हळहळलो आणि नवा फोन घेतला. अरविंदराव मात्र आठवडाभर जेवताना गप्प होते. मग एका सकाळी बदलापूरला, कात्रपमधल्या माझ्या घरी आले आणि म्हणाले, "सुरेशराव, तुमच्याकडे घरातले एकूण फोटो कुठे कुठे आहेत, ते दाखवा." मी दाखवायला लागलो. काही अल्बममध्ये, काही गादीखाली, काही सीडीवर, आणि त्या सीडी लावायला यंत्रच नाही. काही पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह नातवाच्या खेळण्यांत. पुराच्या साली भिजून एकमेकांना चिकटलेले अल्बम तर टाकवत नाहीत म्हणून मी माळ्यावर ठेवले होते. ते सगळं पाहून एखाद्या डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसा त्यांचा चेहरा झाला. "हे भांडार नाही, हे भंगार आहे," असं म्हणून ते सगळं पिशव्यांत भरून घेऊन गेले.

त्यानंतर जे उभं राहिलं त्याला आम्ही घरात 'कोठार' म्हणायचो. कॉम्प्युटरवर त्यांनी कारखान्याच्या स्टोअर्सचीच नक्कल केली. नवे फोटो आधी 'आवक'मध्ये पडायचे. तिथून 'तपासणी'त. वाकडे, हललेले, पंख्याचे आणि स्वतःच्या बोटाचे निघालेले फोटो 'नाकारलेले'मध्ये. पास झालेल्या फोटोला तारीख, गाव आणि प्रसंग असं नाव मिळायचं आणि मगच तो 'कपाटा'त जायचा. पण कपाटात जायला दोन अटी होत्या. फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव माहीत पाहिजे आणि दोघांनी मिळून पास केला पाहिजे. ते दोघे म्हणजे ते आणि मी. मी मान डोलवली तरी त्यांना पुरत नसे. "तोंडाने म्हणा," म्हणायचे. मग मी "मंजूर" म्हणायचो, तेही "मंजूर" म्हणायचे आणि फोटो आत जायचा. ताई आतून ओरडायच्या की झालं असेल मंजूर तर जेवायला या.

सुरुवातीला फजितीही झाली. घरातल्या एका लग्नाचे फोटो त्यांच्या कॅमेऱ्यातले आणि पुढे बारशाचे फोटो लेकीच्या जुन्या कॅमेऱ्यातले. त्या जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ कधी कुणी लावलंच नव्हतं. अरविंदरावांनी विश्वासाने सगळं तारखेप्रमाणे लावलं आणि दिवाळीला पाहुण्यांसमोर टीव्हीवर मोठ्या थाटात दाखवलं. आधी पाळणा हलला, मग साखरपुडा झाला, मग मुलीच्या हातावर मेंदी चढली. मुलीचे सासरे पडद्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. अरविंदरावांच्या कपाळावर घाम, ताईंच्या तोंडाला पदर. त्या रात्रीपासून नियम झाला: कुठलंही कार्य असो, अक्षता टाकायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या कॅमेऱ्याची वेळ जुळवून घ्यायची. आमच्या घरच्या लग्नांत भटजी मुहूर्त सांगायचे आणि मागून अरविंदराव विचारायचे, "घड्याळं बघितली का?"

जुने अल्बम स्कॅन करण्यासाठी आम्ही उल्हासनगरला घनश्यामकडे जायचो. घनश्यामचं फ्रेम आणि अल्बमचं दुकान आहे. सिंधी माणूस, मराठी-हिंदी मिसळून बोलतो आणि गिऱ्हाइकाला 'साईं' म्हणतो. चिकटलेले फोटो त्याने वाफेवर आणि ओल्या कापडावर इतक्या हळुवारपणे सोडवले की अरविंदराव शेजारी उभं राहून श्वास रोखून बघायचे. फोटो स्कॅन झाला की हे तिथेच तपासणी सुरू करायचे. घनश्याम वैतागून म्हणायचा, "साईं, फोटो काढायला एक सेकंद, तुमचं पास व्हायला दोन महिना. इतने में तो फोटोवाला आदमी बदल जाएगा." पण पुढे तोही त्यात सामील झाला. कारण अरविंदरावांनी ठरवलं की सगळ्या फोटोंच्या तीन प्रती तीन गावांत हव्यात. एक हार्ड डिस्क अंबरनाथला त्यांच्याकडे, एक बदलापूरला माझ्याकडे आणि एक उल्हासनगरला घनश्यामच्या दुकानात, देवाच्या फोटोमागच्या कपाटात. एका गावात पाणी शिरलं, आग लागली, तरी दुसरीकडे कोठार शाबूत.

या डिस्का फिरवायच्या कधी? महिन्याची तारीख धरली तर माणूस विसरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून संकष्टी. ताईंचा आणि नीलिमाचा उपास, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खूण, विसरायची सोयच नाही. संकष्टीला दुपारी अरविंदराव आणि ताई आमच्याकडे यायचे. बरोबर दोन डबे. एकात ताईंच्या हातची साबुदाण्याची खिचडी, दुसऱ्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली ताजी डिस्क. माझ्याकडची डिस्क मी दुसऱ्या दिवशी घनश्यामकडे पोचवायची आणि त्याच्याकडची अंबरनाथला. रात्री चंद्र दिसला की बायका उपास सोडायच्या आणि आम्ही नुसतेच जेवायचो. डिस्कचा डबा मूळचा आमचा, लग्नातल्या आहेरातला. बहिणी-बहिणींत भांडी फिरतात, तसा केव्हातरी रव्याचे लाडू घेऊन अंबरनाथला गेला होता आणि डिस्क त्यात नेमकी बसते असं पाहून अरविंदरावांनी तो ठेवून घेतला. एका संकष्टीला नीलिमाने खिचडीचा समजून तो फ्रिजमध्ये ठेवला आणि रात्रभर आमचं सगळं घराणं गारठलं. डिस्क वाचली. पण पुढच्या वेळी डब्यावर ठळक अक्षरांत स्टिकर आला: 'नाजूक. खिचडी नाही.'

या सगळ्याचा कंटाळा यायचा का? यायचा की. मला कधी कधी वाटायचं, हा माणूस आठवणींना चलन-पावत्या लावतोय. मग एके दिवशी ताईंचा एक फोटो तपासणीला आला. कुणाच्या तरी डोहाळजेवणात ताई मनापासून हसतायत, मान मागे टाकून, आणि फोटो पूर्ण हललेला. मी म्हटलं, नाकारा, नियम म्हणजे नियम. अरविंदरावांनी फोटो मोठा करून बघितला. म्हणाले, "हललाय ना, कारण ती खरंच हसली. स्थिर असती तर पोज दिली असती." आणि माझी वाट न बघता दोनदा "मंजूर" म्हणाले, एकदा माझ्या वतीने. कोठारात नियम मोडून गेलेला तो एकच फोटो.

नावांसाठी त्यांनी जी धडपड केली ती मात्र मला तेव्हाही पटली. जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारी माणसं एकेक करून कमी होतायत, हे त्यांना डाचायचं. लॅपटॉप घेऊन ते माझ्या म्हाताऱ्या आत्याकडे गेले. आत्या नाव सांगायची आणि त्याबरोबर त्या माणसाने कुणाचं काय वाकडं केलं तेही सांगायची. हे नम्रपणे म्हणायचे, "आत्या, सध्या फक्त नावं घेऊ." आत्या गेली तेव्हा तिने ओळखलेली माणसं कपाटात सुरक्षित होती. असं करत करत 'तपासणी' रिकामी होत आली. कारखान्यात त्यांनी कधीही काही 'बाकी' ठेवून वर्ष संपवलं नव्हतं. इथेही त्यांना एकदा तरी ते फोल्डर कोरं झालेलं बघायचं होतं. "एकदा शून्य दिसलं की मी झोपायला मोकळा," असं ते म्हणायचे. शून्य काही दिसेना, कारण शेवटी एक माणूस अडकला होता. तोही माझ्या लग्नातला.

चौकड्याचा शर्ट, दाट मिशी, हातात रंगीत कागदातला आहेर. एका फोटोत तो आमच्याशी हस्तांदोलन करतोय. दुसऱ्यात पंगतीत माझ्या काकांच्या शेजारी जेवतोय. तिसऱ्यात तर घरच्यांच्या फोटोत, मागच्या रांगेत, जावयांच्या शेजारी ऐटीत उभा. हा कोण? चाळीस वर्षं आमच्या घरात समज की तो मुलीकडचा आणि त्यांच्या घरात समज की तो मुलाकडचा. कुणी कुणाला विचारलंच नाही, कारण पाहुण्याला 'तुम्ही कोण' असं कसं विचारणार! अरविंदरावांना तो माणूस विशेष सलायचा. माझ्या लग्नात थोरले जावई म्हणून कोठीघर त्यांच्या ताब्यात होतं. "माझ्या कोठीतून एक माणूस जेवून गेला आणि त्याची नोंद नाही," असं म्हणून ते मान हलवायचे. त्यांनी तो फोटो साऱ्या नातेवाइकांना पाठवला, हॉलवाल्याला दाखवला, मी नोकरीला होतो त्या बँकेतल्या लोकांना दाखवला. कुणाला पत्ता नाही.

आणि मग ती शुक्रवारची संध्याकाळ. माझ्याकडचा डबा धुताना पाण्याने तो स्टिकर निघाला आणि खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसली. आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर दुसऱ्यांचीच नावं आहेत, त्यामुळे मी सहज गंमत म्हणून अरविंदरावांना फोनवर वाचून दाखवलं: 'चि. विजय व चि. सौ. कां. मंगल यांस सप्रेम भेट. दत्तू रामा भोईर, कुळगाव.' म्हटलं, बघा, चाळीस वर्षं कुणा विजय-मंगलच्या डब्यातला रवा खातोय आम्ही. त्यांनी मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. 

"सुरेशराव," ते सावकाश म्हणाले, "हा तुमच्या लग्नातला आहेर ना? बिननावाचा माणूस आणि परक्या नावाचा माल, दोन्ही एकाच दिवशी जमा झाले. वेगळे कसे असतील?"

मग आम्ही दोघे हसायलाच लागलो. लग्नाच्या हॉलशेजारी दुसरा हॉल होता, हे त्यांनाही आठवलं आणि मलाही. ते इतके हसले की ताईंनी येऊन पाणी दिलं. सगळ्यात जास्त हसू त्यांना कशाचं आलं असेल, तर त्या नावावर इतकी वर्षं त्यांनी स्वतःच स्टिकर लावून ठेवला होता, याचं. "रविवारी कुळगावला जाऊ. मी नवा स्टिकर लिहून आणतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तेच आमचं शेवटचं बोलणं. इतकं हसरं शेवटचं बोलणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं, हे आता कळतं. तेव्हा मात्र मी नुसता रडलो.

तेरावं झालं आणि मी एकटाच कुळगावला गेलो. कात्रपहून रिक्षाने कितीसं ते! पण तिथे भोईर म्हणजे दर दुसरं घर. पानाच्या गादीवर विचारलं तर गादीवाला म्हणाला, कुठले दत्तू भोईर, इकडे चार हायेत. मी जरा अडखळलो. मग म्हटलं, खूप वर्षांपूर्वी चुकून दुसऱ्याच लग्नात जेवून आले होते, ते. गादीवाल्याने सुपारी कातरायचं थांबवून लगेच हात केला, "मग दत्तूकाका. तो निळा दरवाजा." आम्ही साऱ्या जगात शोधत होतो आणि इथे चाळीस वर्षं आख्ख्या आळीला ठाऊक होतं.

दत्तूकाका ऐंशीच्या पुढचे असतील. मिशी पांढरी झाली होती, पण तीच. मी फोनवर फोटो पुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि आत हाक मारली, "अगं ए, बघ, मी सापडलो." मग काकूही बाहेर आल्या आणि सगळी हकिगत दोघांनी मिळून सांगितली. मित्राच्या मुलाचं लग्न होतं, हे शिरले शेजारच्या हॉलमध्ये, गर्दीत कुणी बसवलं, कुणी वाढलं, कुणी फोटोला ओढलं. "घरी आलो तर ही बोलली, नवरी कशी दिसत होती? मी बोललो, चष्म्यात बरी दिसत होती," काका सांगू लागले. "ही बोलली, मंगलला कुठं चष्मा हाय?" काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, जणू कालच घडलंय. परत जाऊन डबा कसा मागणार, जेवून आलेलो, असं काकांचं म्हणणं. गावात मात्र त्यांना पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नाला हॉलच्या दारापर्यंत कुणीतरी सोडायला यायचं.

मग त्यांनी तोच फोटो पुन्हा बघितला आणि मागच्या रांगेतल्या एका माणसावर बोट ठेवलं. "हे कोठीवाले. माझ्या ताटासमोर उभं राहून वाढलं यांनी. मी नको नको बोलतोय आणि हे बोलतात, आमच्याकडनं कुणी अर्ध्या पोटी जायचं नाय. जिलबी तर त्यांनी स्वतःच्या हातानं वाढली." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ते नाय आले?"

 ज्या पाहुण्याची नोंद नाही म्हणून अरविंदराव मान हलवायचे, त्याला त्यांनीच वाढलं होतं, आणि त्याने ते चाळीस वर्षं लक्षात ठेवलं होतं. ते गेले, हे मी सांगितलं.  काकूंनी आत जाऊन चहा टाकला. निघताना मी डबा पुढे केला की हा तुमचा, म्हणजे विजय-मंगलचा. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, आता तो तुमच्याच घरचा झाला." मी दोघांचा डब्यासकट फोटो काढला. त्याआधी फोनमधली वेळ बघून घेतली.

संकष्टीला आम्ही अंबरनाथला गेलो. आता ताईंनी एवढा प्रवास करायचा नाही, असं नीलिमाने ठरवलंय. मी अरविंदरावांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. खुर्चीवर नाही, शेजारी स्टूल घेऊन. 'तपासणी' उघडली, चौकड्याच्या शर्टाखाली नाव लिहिलं: दत्तू रामा भोईर, कुळगाव. मी "मंजूर" म्हटलं आणि थांबलो. दुसरा आवाज कुठून आणणार?  इतकी वर्षं या सगळ्या प्रकाराची टिंगल करणाऱ्या ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, अरविंदरावांच्या खुर्चीवर बसल्या, चष्मा लावून फोटो नीट पाहिला. मागच्या रांगेतल्या तरुण अरविंदरावांवर त्यांची नजर थोडा वेळ थांबली. मग त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मंजूर."

फोल्डर कोरं झालं. आम्ही दोघं ते शून्य बघत राहिलो, त्यांच्या वाटणीचं. लगेच मी दत्तूकाका-काकूंचा नवा फोटो 'आवक'मध्ये टाकला, कारण काहीच बाकी नसलेल्या कोठारात त्यांनाही करमलं नसतं. डिस्क बनियनमध्ये गुंडाळून मी डब्यात ठेवली. ताईंनी खणातून एक कागद काढून दिला. रविवारसाठी लिहून ठेवलेला स्टिकर होता तो, अरविंदरावांच्या त्या गोल, नीटस अक्षरात: 'नाजूक. खिचडी नाही.' मी तो डब्याच्या दुसऱ्या बाजूला चिकटवला. भोईरांचं नाव आता झाकायचं नाही.